पांढऱ्या पट्ट्याच्या आत

पप्पूच्या हाताला गुण आहे, हे शिरूर कासारात कुणीही कबूल करील. त्या गुणाचा त्याला जरा जास्तच माज आहे, हेही कबूल करील, पण त्याच्या पाठीमागं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुरुस्ती काय, सगळेच करतात. पप्पूचं वेगळेपण असं, की मोबाइलला जे दुकानात विकत मिळत नाही ते तो स्वतः बनवून द्यायचा. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं कव्हर केलं, उसाच्या फडात फोन कितीही आपटला तरी काचेला ओरखडा नाही. मडक्यात स्पीकर बसवला, एका घरात गाणं लावलं की शेजारची घरं फुकटात ऐकायची. मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर चालणारं चार्जिंग केलं, कारण ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या खोपटात, लाइट कुठून येणार. दसरा झाला की टोळ्या गाव सोडायच्या आधी त्याच्या दुकानावर एक चक्कर मारून जायच्या.

लोक म्हणायचे, पप्पू, तू पुण्यात असतास तर लई पुढं गेला असतास. तो हसून मान हलवायचा आणि मनातून ते खरं मानायचा. घरात काही अडलं, कुणी काही मागितलं, की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: थांबा, मी काहीतरी बनवतो.

त्याची आई केशरबाई शिरूरपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या एका वस्तीवर राहायची, थोरल्या मुलाच्या, सतीशच्या घरी. नवरा माणिकराव जिवंत असताना घरकुलात मिळालेल्या दोन खोल्या होत्या त्या. सतीश आणि त्याची बायको पंचशीला दिवाळी झाली की कोयता घेऊन सांगलीकडं जायचे, ते ऊन लागल्यावरच परत यायचे. त्यांची पोरगी बीडला होस्टेलला. म्हणजे सगळा हंगाम केशरबाई घरात एकटी. पप्पूची बायको आम्रपाली दरवर्षी बोलावायची, आई, आमच्याकडं चला. केशरबाईचं म्हणणं, साऱ्या वस्तीला कुलपं लागत्यात, एक तरी दार उघडं नको का.

हे कारण खरं होतं, पण त्याच्या जोडीला विहारही होता. हंगामात वस्तीवर उरायच्या त्या म्हाताऱ्या बाया, आणि दर रविवारी संध्याकाळी पांढरी लुगडी नेसून त्या विहारात जमायच्या. वंदनेचा पहिला सूर केशरबाईचा. तिनं उचलला की बाकीच्या मागं लागायच्या. आवाज आता थोडा चिरकायचा, पण जागा दुसरी कुणी घेतली नव्हती. वंदना झाली की पायरीवर बसून घरोघरच्या बातम्या व्हायच्या. कुणाचं पोरगं कुठल्या कारखान्यावर आहे, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा मुकादम माजलाय. अंधार पडल्यावर सगळ्या एकमेकींना हाक मारत घरी.

या हंगामाला निघताना सतीश पप्पूच्या दुकानावर आला. म्हणाला, आईला आता दम लागतो, रात्री फडातून आलो की तिचं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर मला झोप लागत नाही. तिच्याकडं बटनाचा फोन होता, पण त्यात तोंड कुठलं दिसणार. पप्पूचे डोळे चमकले. तो म्हणाला, दादा, तू बिनघोर जा. मी काहीतरी बनवतो.

कुणीतरी भंगारात दिलेला टॅब त्यानं बाहेर काढला. कोपऱ्यात काच तडकलेली होती, बाकी ठीक. पहिली अडचण आईच्या बोटांची निघाली. केशरबाईनं स्वतः अर्धा जन्म ऊस तोडलेला. बोटांची टोकं घासून अशी झालेली की रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नव्हतं, तिथं टॅबची काच काय ओळखणार. ती बोट लावायची, सरकवायची, फोन नुसता वाजत राहायचा. पप्पूनं पेनाच्या नळीला पन्नी गुंडाळून, टोकाला ओला स्पंज बसवून तिला एक काडी करून दिली. काडी वाळली की चालेना आणि ओली केली की काचेवर पाणी ओघळायचं. शेवटी त्यानं टॅबमध्ये असं काही टाकलं की फोन आला की तो आपोआपच उचलला जायचा. बोट लावायची भानगडच नको. समोरच्यानं फोन लावला की इकडं टॅब आपला आपण उजळायचा आणि आई दिसायची.

मग खांब. फवारणीच्या पंपाची नळी सरळ करून उभी केली. तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून तिचं बूड केलं. वरच्या टोकाला सायकलच्या कॅरिअरचा चिमटा वेल्डिंग केला, त्यात टॅब गच्च बसला. बाजूला मडक्याचा स्पीकर, कारण आईला कमी ऐकू यायचं. खाली बॅटरी, लाइट गेली तरी चालू. खांब ठेवला आतल्या भिंतीला, सॉकेट तिथं होतं म्हणून. समोर खुर्ची, म्हणजे आईची पाठ दाराकडं. दारातून येणारा उजेड तिच्या मागून मारायला लागला आणि तिचा चेहरा काही दिसेना. पप्पूनं खांबालाच, टॅब उजळला की लागणारा, एक छोटा दिवा लावला आणि आईला सांगितलं, दार लोटून घेत जा.

तिनं वस्तीसाठी उघडं ठेवलेलं दार असं बंद झालं. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पप्पूच्या तर नाहीच. तो खांबाकडं बघत होता.

आणि खांब होताही बघण्यासारखा. पहिल्या दिवशी सतीशनं कोपीतून फोन लावला, पंचशीला त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि आई अशी समोर. केशरबाई रडली. टॅबला हात लावून सतीशच्या गालावरून फिरवला. पप्पूलाही गलबलून आलं. त्या दिवशी त्यानं जे केलं ते मायेनंच केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

वाईट पुढं झालं. पहिल्याच रविवारी संध्याकाळी सतीशनं फोन लावला तर खुर्ची रिकामी. पुन्हा लावला, रिकामी. कोपीपासून घर इतकं लांब, मनात नाही नाही ते आलं, त्यानं घाबरून पप्पूला फोन केला. पप्पू गिऱ्हाईक तसंच सोडून मोटारसायकलवर निघाला. पोचला तर केशरबाई विहारातून येत होती, अंगावर पांढरं लुगडं, शेजारणीशी बोलत, हसत. भीती गेल्यावर माणसाला हायसं वाटावं. पप्पूला राग आला.

"एवढं मरमर करून तुझ्यासाठी करून ठेवलंय," तो म्हणाला, "आन तू जागेवर न्हाईस. दादा तिकडं काळजीनं मेला असता. का म्हून उठलीस तू?"

शेजारीण तोंड फिरवून निघून गेली. केशरबाई म्हणजे टोळीच्या मुकादमाला तोंडावर शिव्या घालणारी बाई, ती आपल्या धाकट्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. पप्पूला तेवढ्यावर थांबायचं भान राहिलं नाही. मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत ऑइल पेंटचा डबा होता. त्यानं ब्रश घेतला आणि आतल्या फरशीवर, खुर्चीच्या चार पायांभोवती, जाड पांढरा चौकोन मारला. याच्या आत बसलीस की तू दिसतेस, बाहेर गेलीस की दिसत नाहीस, असं तिला समजावून सांगितलं. लहान पोराला सांगावं तसं, दोनदा.

तिनं एवढंच विचारलं की फोन कधी येतो. पप्पू ब्रश पुसत म्हणाला, "त्याचा काय टाइम हाय का? कवा बी यील. दादाच्या उसाच्या गाड्या कवा बी भरत्यात. आमी बी मधीच बघू." आणि हात धुऊन गेला.

त्या दिवसापासून जेव्हा बघावं तेव्हा आई खुर्चीत. सतीशनं पहाटे बघितलं तरी, रात्री उशिरा बघितलं तरी. पप्पू तर दुकानात बसल्या बसल्या बघायचा. डोक्याला पदर, चेहऱ्याला तेलपाणी, मांडीवर हात. तो विचारायचा, काय चाललंय आई. ती म्हणायची, बरंय बाळा, तू जेवलास का. झालं. गिऱ्हाइकांना तो फोन फिरवून दाखवायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, वा रे पठ्ठ्या, घरबसल्या आईची सेवा.

आधी तो दर रविवारी भाजी घेऊन वस्तीवर जायचा. मग एका रविवारी दुकानात गर्दी होती, म्हणून फोनवर बघून घेतलं. दुसऱ्या रविवारी मोटारसायकल पंक्चर. त्यानंतर कारण शोधायचीही गरज राहिली नाही, कारण बघितलं की जाऊन आल्यासारखंच वाटायचं. भाजी तो वस्तीकडं जाणाऱ्या जीपवाल्याबरोबर पाठवायला लागला. आम्रपाली दोनतीनदा म्हणाली, एकदा जाऊन तरी या. तो म्हणायचा, आत्ताच तर भेटलो की. त्यात त्याला काही खोटं वाटत नव्हतं.

उलट धंदा वाढला. टोळीला गेलेल्या पोरांचे तिकडून फोन यायला लागले, आमच्या म्हाताऱ्यालाही तसला खांब लाव. नेकनूरपासून माणसं विचारत आली. पप्पू खांब घेऊन जायचा तेव्हा पेंटचा डबाही बरोबर न्यायचा. खुर्ची ठेवायची, चौकोन मारायचा, म्हाताऱ्याला सांगायचं की याच्या आत बसा. तो भाग त्याला सगळ्यात हुशारीचा वाटायचा.

थंडी गेली, ऊन तापायला लागलं. एका दुपारी मंजुळाबाई दुकानात आली. त्या रविवारी जिनं तोंड फिरवलं होतं ती हीच शेजारीण. फोनचा आवाज पलीकडं जात नाही म्हणून तो दाखवायला आली होती. पप्पूनं फोन उघडला, बारीक ब्रशनं माती काढली, बोलता बोलता विचारलं, आत्या, वस्तीवर सगळं बरं ना.

मंजुळाबाईनं उलट त्यालाच विचारलं, "तू वस्तीवर शेवटचा कवा आलतास?"

पप्पू म्हणाला, सकाळीच बोललो आईशी. बघितलं ना, चांगली आहे. त्यानं फोन लावूनही दाखवला. टॅब उजळला, खांबावरचा दिवा लागला, आई खुर्चीत, पदर सारखा करून. बरंय बाळा, म्हणाली. पप्पूनं फोन ठेवला आणि मंजुळाबाईकडं बघितलं, बघा म्हणून.

"दिवा लागला की ती सरळ बसती," मंजुळाबाई म्हणाली. "दिवा गेला की काय व्हतं ते तुझ्या डबड्याला दिसतं का? विहारात येत न्हाई ती. इतक्या दिसात एकदा न्हाई. आमी जाऊन बोलावतो तर म्हनती, मी भाईर गेले आन तेवढ्यात पोरगं आलं तर? वंदना आता कुनीबी कशीबी सुरू करतं. परवा मी डाळ घेऊन गेलते तर उठताना भिताड धरून उभी ऱ्हायली, डोळ्यापुढं अंधारी. व्हट सारे फुटलेत. तेल लावून बसती म्हनून तुमाला दिसत न्हाई."

पप्पूच्या हातात तिचा उघडा फोन तसाच होता. तो काहीतरी म्हणणार होता, आईनं मला सांगितलं का नाही, असलं.  मंजुळाबाईचा फोन त्यानं कसातरी बंद करून दिला, शटर अर्धं ओढलं आणि तिला मागं बसवून निघाला.  मंजुळाबाई तिच्या दाराशी उतरली.

वस्ती सामसूम होती. दाराला दार, बहुतेकांना कुलपं. आईच्या दाराला कुलूप नव्हतं, ते लोटलेलं होतं. पप्पू बाहेर उभा राहिला. आत जायची त्याला अशी भीती आधी कधी वाटली नव्हती. त्यानं बाहेरूनच हाक मारली.

"आई."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, जरा घाईचा. "बोल बाळा. हाय मी, जाग्यावरच हाय. दिसतीय ना?"

पप्पूनं दार ढकललं. केशरबाई त्याच्याकडं पाठ करून बसली होती. समोरचा टॅब काळा होता, दिवा बंद. ती त्या काळ्या काचेपुढं ताठ बसून पदर नीट करत होती. काचेकडं थोडी वाकली आणि म्हणाली, "आवाज येतोय तुजा, पर आज तू दिसना गेलास. बिघडलं का काय हे?"

दार उघडल्याचा उजेड खोलीत आला तरी ती मागं वळली नाही. दारातून कुणी आपलं येईल हे तिच्या ध्यानीमनीच नव्हतं. पप्पू पुढं झाला, तिच्यासमोर जाऊन बसला, खांब आणि खुर्ची यांच्या मधल्या अरुंद जागेत. तेव्हा तिला तो दिसला. जवळून बघितल्यावर पप्पूलाही ती दिसली. मंजुळाबाईनं सांगितलं त्यापेक्षा वाईट. गालाची हाडं वर आलेली, ओठांना भेगा, हातावरची कातडी सैल. टॅबवर यातलं काहीच कधी दिसलं नव्हतं, कारण उजेड आपणच नीट लावला होता.

"आरं, तू खराच आलास," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की पप्पूला तो बघवेना.

खांबाच्या बुडाशी एक पितळी तांब्या होता, वर उपडं भांडं. केशरबाईनं वाकून तो उचलला, भांड्यात पाणी ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं. घरी कुणीही आलं की आधी पाणी, मग बोलणं. माणिकरावांच्या वेळेपासूनची त्या घराची रीत. पाणी कोमट होतं, सकाळपासून भरून ठेवलेलं. पप्पूनं विचारलं, हा तांब्या इथं का. ती म्हणाली, रोज ठेवते. तुम्ही येता ना, दोघं. तुम्हाला पिता येत नाही ते कळतं मला, पण आलेल्यापुढं पाणी नसलं की बरं वाटत नाही. संध्याकाळी झाडाला घालते.

तो पाणी प्यायला. मग भांडं पुन्हा भरून तिच्या हातात दिलं, म्हणाला, तू पी. तिनं नुसते ओठ ओले केले आणि भांडं खाली ठेवलं. तो म्हणाला, सगळं पी. ती नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा तिनं इकडं तिकडं बघितलं, आणि पोराला कसं सांगावं अशा अवघडल्या आवाजात म्हणाली, "लई पानी पिलं की उठावं लागतंय बाळा. संडास मागं, बादली भरून न्यावी लागती, गुडघं धरलेलं. येस्तोवर लई येळ जातो. तेवढ्यात तुमचा फोन आला आन मी दिसले न्हाई, तर दादा मरंल ना काळजीनं. तूच म्हनलातास."

तूच म्हणालास, यात तिचा कुठलाही ठपका नव्हता. तो विसरला असेल म्हणून तिनं आठवण करून दिली, एवढंच. पप्पूनं मान खाली घातली तर समोर फरशीवर पांढरा पट्टा. ऑइल पेंट चांगल्या प्रतीचा होता. जिथं तिचे पाय टेकत होते तिथंही तो फारसा झिजला नव्हता, कारण ती त्यावर पाय पडू देत नसणार.

पप्पूनं मंजुळाबाईला हाक मारली, आईला तसंच मोटारसायकलवर मधे बसवलं, मागून मंजुळाबाईनं धरलं, आणि शिरूरला दवाखान्यात आणलं. अंगात ताप होता, तो तिनं कुणालाच सांगितला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की लघवीला जंतू झालेत, अंगातलं पाणी पार उतरलंय, आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर गेलं असतं. सलाईन लावली. मग केशरबाईला विचारलं, आजी, दिवसात पाणी किती पिता. केशरबाईनं उत्तर द्यायच्या आधी पप्पूकडं बघितलं, सांगू का, असं. डॉक्टरीणबाईंनीही मग पप्पूकडं बघितलं.

सतीशचा फोन त्या रात्री पप्पूच्या फोनवर आला. तो विचारत होता, खुर्ची रिकामी का. पप्पू दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि त्याला सगळं सांगितलं. पट्टा मारला ते, ओरडला ते, किती दिवस तिकडं गेला नाही तेही. लपवायचं त्याच्या मनात आलं होतं, पण लपवलं असतं तर तोंडात माती घेऊन बसल्यासारखं झालं असतं.  मागं पंचशीलाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"मी लांब व्हतो म्हनून मला बघायचं व्हतं," शेवटी सतीश म्हणाला. "तू तर जवळ व्हतास, पप्पू."

तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर पप्पूला सोसलं असतं. सतीश रागावलाच नाही. म्हणाला, काढून टाक ते, मी संध्याकाळी तिच्या बटनाच्या फोनवर बोलत जाईन, नाही उचलला तर समजेन विहारात गेलीय. आणि मग म्हणाला, माझंच चुकलं, मी मागायला नको होतं. हे ऐकून पप्पूला जास्तच मेल्यासारखं झालं.

केशरबाई बरी झाली. आम्रपालीनं तिला घरी ठेवून घेतलं, तासातासाला पाणी पाजलं, आणि पप्पूशी कामापुरतंच बोलली. पप्पूचं दुकानात लक्ष नव्हतं. आपण लावलेला एकेक खांब त्याला आठवत होता, त्या त्या घरातला म्हातारा किंवा म्हातारी, आणि फरशीवरचा चौकोन. पट्टा मारून झाल्यावर प्रत्येकानं आपल्याला चहा पाजला होता. तो एका एका घरी जायला लागला. काही ठिकाणी त्याला हाकलून दिलं, आमचं चांगलं चाललंय, तू कशाला बिघडवतोस म्हणून. काही ठिकाणी म्हाताऱ्यांनी त्याला हळूच विचारलं, मग आता उठायला चालतंय का. त्याला तिथं बसून राहवायचं नाही. तो रॉकेलचा बोळा काढून पट्टा पुसायचा आणि निघायचा.

सगळ्यात शेवटी तो आईच्या घरी गेला. खांब बाहेर काढला, टॅब पोत्यात घातला. इथला पेंट सगळ्यात जुना, तो रॉकेलनं निघेना. त्यानं ब्लेडनं खरवडला, बोटं सोलून निघाली, तरी चौकोनाची पुसट खूण राहिलीच. खुर्ची उचलून दारात ठेवली, रस्त्याकडं तोंड करून. दार सताड उघडलं.

रविवारी तो केशरबाईला घेऊन वस्तीवर आला, कारण ती आता ऐकेनाच. मंजुळाबाई वाटेतच भेटली, म्हणाली, संध्याकाळी लुगडं नेसून तयार राहा, तुझ्याबिगर सूर लागत न्हाई कुनाला. केशरबाई हसली. तिच्या कमरेला आम्रपालीनं शिवलेली कापडी पिशवी होती, तिच्यात बटनाचा फोन. घरात शिरल्या शिरल्या तिनं माठ धुतला, पाणी भरलं, आणि आधी पप्पूला पेला भरून दिला. त्याच्यादेखत तिनं स्वतःही पेला भरला आणि घटाघटा पिऊन टाकला. पप्पूला जरा बरं वाटलं. त्याला वाटलं, निस्तरलं.

मग तिचं लक्ष आतल्या भिंतीकडं गेलं. ती रिकाम्या जागेजवळ जाऊन उभी राहिली, फरशीवरच्या खुणेच्या बाहेर, पाय न लागू देता.

"ते कुठं गेलं?"

खरं सांगितलं तर ती स्वतःलाच दोष देईल, हे पप्पूला माहीत होतं. तो म्हणाला, बिघडलं.

"दुरुस्त कर की मग."

शिरूरात दुकान टाकल्यापासून पप्पूनं कुणालाच दुरुस्त होत नाही असं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "न्हाई व्हत आई ते."

 सतीश बटनाच्या फोनवर बोलेल हे केशरबाईला सांगितलेलं होतं, ते तिनं मान्यही केलं होतं. तिला दुसरंच काहीतरी पडलं होतं. ती वळली, आणि खरोखर न समजून तिनं विचारलं,

"मग तू कसा येशील?"

पप्पूच्या हातात तिनं दिलेला पाण्याचा पेला होता. तो त्याच्यानं पिववेना आणि खालीही ठेववेना.